घडीची चाकाची खुर्ची : निवड, वापर आणि अर्थकारण

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, आदर्श नगरला लागून राजा पार्क ही वस्ती आहे. फाळणीनंतर पंजाब व सिंध प्रांतांतून आलेल्या कुटुंबांनी वसवलेल्या या भागात आज दाट बाजारपेठ आहे. मुख्य रस्त्यापासून फुटणाऱ्या गल्ल्यांमध्ये घराला घर लागून उभे आहे आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बहुतेक घरांचे जोते रस्त्यापेक्षा उंच ठेवलेले असते. अशा घरातील वृद्ध गृहस्थाला पक्षाघाताचा झटका येतो, रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर सहजपणे ‘एक व्हीलचेअर घेऊन टाका’ असे सांगतात आणि त्या सायंकाळी कुटुंबातील कोणीतरी औषधांच्या दुकानात जाऊन समोर दिसेल ती खुर्ची विकत आणतो. दुसऱ्या दिवशी लक्षात येते की, खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही.

हा प्रसंग केवळ एका घराचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींचे दिव्यांगत्व हालचालींशी संबंधित होते. महाराष्ट्रातील एकूण दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार, तर राजस्थानातील सुमारे १५ लाख ६४ हजार इतकी होती. जगभरात सुमारे ८ कोटी लोकांना चाकाच्या खुर्चीची गरज आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातील मोठा वर्ग वार्धक्यामुळे किंवा आजारामुळे खुर्चीकडे वळलेला असतो आणि तो स्वतःला दिव्यांग म्हणवून घेतोच असे नाही. साहजिकच तो प्रमाणपत्राच्या आणि पर्यायाने शासकीय योजनांच्या बाहेर राहतो.

घडीची खुर्ची कशी आली?

घडी होणाऱ्या आधुनिक खुर्चीचा जन्म १९३३ चा. खाणीतील अपघातात पाठीच्या कण्याला इजा झालेले अमेरिकन अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट यांना आपली खुर्ची मोटारीत नेता येत नव्हती. त्यांचे मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी आसनाखाली फुलीच्या आकारात दोन नळ्या बसवल्या आणि त्या मध्यभागी एका खिळीने जोडल्या. आसनाचे कापड वर ओढले की फुली मिटते, दोन्ही बाजू जवळ येतात आणि खुर्चीची रुंदी निम्म्याहून कमी होते. आजही दुकानात मिळणारी जवळजवळ प्रत्येक साधी खुर्ची याच तत्त्वावर चालते. या दोघांनी काढलेल्या कंपनीने पुढे अमेरिकेतील बाजारपेठ इतकी व्यापली की, १९७७ मध्ये तेथील न्याय विभागाने तिच्याविरुद्ध मक्तेदारीविरोधी दावा दाखल केला. वापरणारा असहाय आणि विक्रेते मोजके असले की बाजार कसा वागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

फुलीची किंमतही आहे. हलत्या सांध्यांमुळे सांगाडा किंचित लवचीक राहतो आणि चाकाला दिलेल्या जोराचा काही भाग त्यातच जिरतो. शिवाय नळ्या अधिक लागत असल्याने वजन वाढते. म्हणूनच दिवसभर स्वतः खुर्ची चालवणारे तरुण वापरकर्ते पुष्कळदा घडी न होणारा एकसंध सांगाडा पसंत करतात. मद्रास आयआयटीने २०२५ मध्ये सादर केलेली ‘वायडी वन’ ही सुमारे ९ किलो वजनाची खुर्ची याच प्रकारातील आहे. याउलट रिक्षातून रुग्णालयात जाणे आणि रात्री खुर्ची दाराआड उभी करणे एवढी ज्यांची गरज आहे, त्यांना घडीची खुर्चीच सोयीची. राजा पार्कसारख्या वस्तीत दुसरा वर्ग मोठा असणार, हे उघड आहे.

मापे आधी, किंमत नंतर

खुर्ची ही पादत्राणासारखी मापाची वस्तू आहे. आपल्याकडे मात्र ती छत्रीसारखी, म्हणजे सर्वांना एकच चालेल अशा समजुतीने विकली जाते. आसनाची रुंदी बसणाऱ्याच्या नितंबांच्या रुंदीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटरने अधिक असावी. ती फार मोठी असली तर शरीर एका बाजूला कलते आणि चाकाकडे हात पोहोचवण्यासाठी खांदे ताणावे लागतात. आसनाची खोली अशी हवी की, पाठ टेकून बसल्यावर आसनाची कडा आणि गुडघ्यामागील खळगा यांमध्ये दोन-तीन बोटे मावतील. पाय पावठ्यावर टेकले असता मांडी आसनाला सपाट लागली पाहिजे आणि पावठा जमिनीपासून किमान ५ सेंटिमीटर वर राहिला पाहिजे, अन्यथा तो पहिल्याच उंबरठ्याला अडतो.

यानंतर घराची मापे घ्यावीत. बाजारात सर्रास मिळणाऱ्या खुर्चीचे आसन सुमारे ४६ सेंटिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंची चाके व हातकडी धरून तिची एकूण रुंदी ६५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. शहरी घरांतील न्हाणीघराचे दार पुष्कळदा ६० ते ७५ सेंटिमीटरच असते, त्यातही चौकट आणि कडी काही जागा खातात. सार्वजनिक इमारतींसाठीच्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांनी दाराची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर मानली आहे. जुनी घरे हे माप पाहून बांधलेली नाहीत. तेव्हा खरेदीला निघताना खिशात पैशांबरोबर मोजपट्टीही असावी.

चाकांचा विचार कोण ढकलणार यावरून करावा. मागची चाके २४ इंची असतील तर बसलेली व्यक्ती स्वतः खुर्ची चालवू शकते. चारही चाके लहान असलेली खुर्ची वजनाला हलकी, पण ती पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती असते. काही रुपये वाचवण्यासाठी किंवा गाडीत सहज मावते म्हणून अशी खुर्ची घेतली, तर हातात बळ असलेल्या माणसालाही पाणी पिण्यासाठी हाक मारावी लागते. हा तोटा पावतीवर दिसत नाही.

पुढची लहान चाके हा आणखी एक दुर्लक्षित भाग. चाक जितके लहान, तितके ते खड्ड्यात, फरशीच्या सांध्यात आणि वाळूत अडकते. मागच्या चाकाचा आस पुढे सरकवता येत असेल तर भार लहान चाकांवरून मोठ्या चाकांवर येतो, खुर्ची कमी श्रमात चालते, मात्र मागे उलटण्याचा धोका वाढतो. स्वस्त खुर्च्यांमध्ये हा आस कायमचा मागे बसवलेला असतो. तो सुरक्षित खरा, पण जड.

वजनाबाबत एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : खुर्ची उचलणार कोण? साधी पोलादी खुर्ची १६ ते २० किलो भरते. ॲल्युमिनियमची त्याहून काही किलोंनी हलकी आणि बरीच महाग असते. बहुसंख्य घरांत खुर्ची उचलण्याचे काम साठीतील पत्नीकडे किंवा सुनेकडे येते. पाच किलोंचा फरक दुकानात क्षुल्लक वाटतो, दिवसातून चार वेळा पायऱ्यांवरून वर-खाली करणाऱ्या कमरेला तो वाटत नाही. मागची चाके कळ दाबून काढता येत असतील तर हाच भार दोन-तीन खेपांत विभागता येतो.

वापरातील काही गोष्टी

खुर्ची उघडताना आसनाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या तळहातांनी खाली दाबाव्यात. बोटे नळीभोवती वळवल्यास ती चिमटतात. मिटताना आधी गादी काढावी, पावठे वर करावेत आणि आसनाचे कापड मध्यभागी धरून वर ओढावे. बसताना व उठताना दोन्ही गतिरोधक लावलेले आणि पावठे वर केलेले असावेत. पावठ्यावर उभे राहून उठू पाहणे हे खुर्ची पुढे उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. गतिरोधक खुर्ची उभी ठेवण्यासाठी असतात, उतारावर वेग कमी करण्यासाठी नव्हेत. पुढे वाकून काही उचलायचे असल्यास आधी खुर्ची थोडी मागे घ्यावी, म्हणजे लहान चाके पुढच्या दिशेला वळतात आणि खुर्चीचा पाया लांबतो.

तीव्र उतारावर मदतनिसाने खुर्ची उलट्या दिशेने, स्वतः खालच्या बाजूला राहून उतरवावी. पायरी चढताना खुर्ची मागे कलवून आधी लहान चाके वर घ्यावीत. उतरताना पाठमोरे होऊन मोठी चाके आधी खाली आणावीत. खुर्ची उचलताना पकड नेहमी पक्क्या सांगाड्याला असावी. निघणाऱ्या हातांना किंवा पावठ्यांना धरले की ते हातात येतात.

सर्वांत गंभीर प्रश्न गादीचा आहे. पाठीच्या कण्याच्या इजेनंतर संवेदना गेलेली असते आणि सतत एकाच जागी दाब पडल्याने त्वचेला जखम होत असल्याचे बसणाऱ्याला कळत नाही. या दाबव्रणांमुळे जंतुसंसर्ग होऊन प्राणही जाऊ शकतात. ताणलेल्या कापडाचे आसन काही महिन्यांत झोळीसारखे खचते, मांड्या आत वळतात आणि भार थोड्याच हाडांवर येतो. त्यामुळे योग्य गादी ही चैन नसून खुर्चीचा भागच समजली पाहिजे. शिवाय दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन शरीर उचलणे किंवा एका बाजूस झुकणे आवश्यक असते. हवेची चाके आठवड्यातून एकदा तपासावीत. हवा कमी झाली की ढकलणे जड होतेच, शिवाय चाकावर दाबून बसणारा गतिरोधकही सैल पडतो.

खरेदी एकाची, वापर दुसऱ्याचा

इतकी साधी माहिती बाजारात का पोहोचत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. आपल्या देशातील खुर्च्यांचा मोठा हिस्सा शासन, देणगीदार किंवा सेवाभावी संस्था घाऊक खरेदी करतात. खरेदीदाराला निविदेतील सर्वांत कमी दर आणि वाटपाची संख्या दिसते. नितंबांची रुंदी निविदेत नसते. ज्याला ती खुर्ची मिळते तो फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करत नाही आणि तक्रार न आल्याने उत्पादकाला बदलाचा संकेत मिळत नाही. माहितीची विषमता आणि खरेदीदार-वापरकर्ता यांची फारकत येथे एकत्र येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खुर्ची देणे ही मोजमाप, जुळवणी, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांसह एक सेवा मानली, ती याच कारणाने.

या संदर्भात जयपूरचाच दाखला महत्त्वाचा ठरतो. राजा पार्कपासून काही किलोमीटरवरील सवाई मानसिंह रुग्णालयात १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडवला. मांडी घालून बसता यावे, उकिडवे बसता यावे, अनवाणी चालता यावे, या भारतीय गरजांतून तो आकाराला आला. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो लोकांपर्यंत नेला. ही समिती चाकाच्या खुर्च्या व तीनचाकीही देते. तथापि पायाच्या बाबतीत झाले ते खुर्चीच्या बाबतीत झाले नाही. पाय येथील जमिनीसाठी घडला, खुर्ची मात्र रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवरून तशीच उचलून गल्लीत आणली गेली.

शासकीय पातळीवर कानपूर येथील कृत्रिम अवयव निर्माण महामंडळ अर्थात ॲलिम्को १९७२ मध्ये स्थापन झाले. १९८१ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘एडिप’ योजनेतून ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना उत्पन्नाच्या मर्यादेत साहाय्यभूत साधने मिळतात. २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांसाठी आहे आणि तिच्यातील साधनांत चाकाच्या खुर्चीचा समावेश आहे.

करांचा मुद्दा परीक्षार्थींनी बारकाईने पाहावा. १ जुलै २०१७ पासून चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ‘शून्य का नाही?’ हा प्रश्न भावनिकदृष्ट्या योग्य वाटतो. परंतु उत्पादकाने पोलाद, ॲल्युमिनियम आदी कच्च्या मालावर अधिक दराने कर भरलेला असतो. अंतिम वस्तू करमुक्त केली तर त्या कराचा परतावा त्याला मागता येत नाही आणि तो खर्च किमतीत मिसळतो. आयात खुर्चीवर मात्र असा बोजा राहत नाही. म्हणजेच करमाफीने देशी खुर्चीच महाग होण्याची शक्यता असते. परतावा प्रत्यक्षात उत्पादकाकडून ग्राहकापर्यंत किती झिरपतो, हा अर्थातच वेगळा आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

खुर्ची आणि उतरण

कोल्हापूरच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेच्या संस्थापिका नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ हे नाव दिले आणि मराठी वाचकाला या वस्तूसाठी घरगुती शब्द मिळाला. त्यांच्या संस्थेने वसतिगृह, शाळा आणि रोजगार यांवर भर दिला, कारण खुर्ची मिळाली तरी जायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. अर्थशास्त्राच्या भाषेत खुर्ची आणि उतरण या पूरक वस्तू आहेत. एकीवाचून दुसरीचे मूल्य घसरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करण्याचे बंधन घातले. ती मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून, किमान बंधनकारक मानके ठरवण्याचा आदेश दिला.

खासगी घराचा उंबरठा मात्र कोणत्याही निकालाच्या कक्षेबाहेर आहे. सर्वमान्य उतार एकास बारा असा आहे. राजा पार्कमधील एखाद्या घराला एकूण ३० सेंटिमीटर उंचीच्या दोन पायऱ्या असतील, तर ३ मीटर ६० सेंटिमीटर लांबीची उतरण लागेल. अरुंद गल्लीत इतकी जागा नसते. दुचाकी आत घेण्यासाठी केलेली सिमेंटची उतरण फारच तीव्र असते आणि खुर्चीला ती धोक्याची ठरते. अशा वेळी उतरण भिंतीला समांतर वळवता येते किंवा गरजेपुरती मांडून उचलून ठेवता येईल अशी लोखंडी पत्र्याची करून घेता येते. एकास बारा साधतच नसेल तर अधिक तीव्र उतारावर मदतनीस सोबत असणे अनिवार्य समजावे. उतरणीच्या दोन्ही कडांना चाक घसरू नये म्हणून ५ ते ७ सेंटिमीटर उंचीची पट्टी आणि वरच्या टोकाला खुर्ची वळवून दार उघडता येईल इतकी सपाट जागा, साधारण दीड मीटरची, ठेवायला मात्र गवंड्याला आधीच सांगावे लागते.