पाँटून बोटीला मोटर कोणती?
अमेरिकेतल्या मिनेसोटात १९५२ साली अ‍ॅम्ब्रोज वीरेस यांनी पोलादी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी फळ्या बसवून पाँटून बोट बनवली. आता पिंपांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, पण बोट तशीच रुंद राहिली, वारा अंगावर घेणारी. तिला वेगाआधी रेटा हवा. म्हणून नुसती अश्वशक्ती पाहू नका. मोठा पंखा सावकाश पण ताकदीने फिरवणारी मोटर घ्या. माणसं भरली आणि समोरून वारा आला, की लहान पंखा पाणी नुसतं घुसळत बसतो. मोटरच्या दांड्याची लांबी तर मोजाच. बहुतेक पाँटूनना २० इंची लागतो, काहींना २५. आखूड दांड्याचा पंखा लाटेत हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, बोट मात्र पुढे सरकत नाही. कमाल अश्वशक्ती बोटीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. ती ओलांडू नका.