शिक्षणाचं कर्ज, लेखांक ५ : हप्ता सपाट, पगार चढता

मागच्या लेखांकात बँक शैक्षणिक कर्ज कशाच्या जोरावर देते ते पाहिलं. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण सहकर्जदार म्हणून आईची किंवा वडिलांची सही लागतेच. आता फेडीकडे वळू. उदाहरणाला मेकॅनिकल घेतो. कॉम्प्युटरची जागा हुकली म्हणून मेकला आलेला आणि इंजिनं उघडून बघायच्या ओढीनं आलेला, दोघांनाही हप्ता सारखाच बसतो.

समजा, खासगी कॉलेजची फी आणि वसतिगृह मिळून दरवर्षी दीड लाख बँकेकडून उचलले. चार वर्षांचे सहा लाख झाले. व्याजदर हिशेबाला सोपा म्हणून १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. सरळव्याजानं पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्या उचलीवर ६०, तिसऱ्या उचलीवर ४५ आणि शेवटच्या उचलीवर ३० हजार. बेरीज २ लाख १० हजार. पहिला हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर ८ लाख १० हजार असतात. घरात मात्र सगळे अजून ‘सहा लाखांचं लोन’ असंच म्हणत असतात. दहा वर्षांच्या मुदतीत याचा हप्ता होतो १०,७०४ रुपये.

आता दुसरी बाजू. चाकण, रांजणगाव किंवा वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात मुलगा जीईटी (पदवीधर प्रशिक्षणार्थी अभियंता) म्हणून लागला आणि पत्रावर तीन लाखांचं पॅकेज आहे असं धरू. महिना २५ हजार, असं आपण लगेच म्हणतो. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि विम्याचा हप्ता आधीच वजा होतो, कारण पॅकेजमध्ये (सीटीसीत) ते सगळं धरलेलं असतं. मग मुलाच्या वाट्याचा पीएफ, दोनशे रुपये व्यवसाय कर, कँटीन आणि बस. हातात वीस हजारांच्या आसपास उरतात. हप्ता गेल्यावर ९,३०० राहिले. त्यात कॉट बेसिसवरची खोली, मेस आणि पेट्रोल भागवायचं, शिवाय रात्रपाळी. घरून पैसे मागवल्याशिवाय हे जमत नाही, आणि कमावत्या मुलाला घरून पैसे मागवणं फार जड जातं.

मग डिग्री तोट्याची का? माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. मेकचा पगार खालून सुरू होतो. शॉप फ्लोअरवर दोन-तीन वर्षं काढली, टूलिंग, क्वालिटी किंवा डिझाइनमध्ये हात बसला, की कंपनी बदलताना पगाराला पहिली खरी उडी मिळते. हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सपाट. गाडं अडतं ते पहिल्या तीन वर्षांत, आणि तिथेच एक हप्ता चुकला की मुलाबरोबर वडिलांचाही सिबिल स्कोअर घसरतो. पुढे ट्रॅक्टरचं कर्ज काढायला गेले की बँक तीच नोंद दाखवते.

म्हणून मुदत सुरुवातीला लांब घ्यावी. याच कर्जाचा पंधरा वर्षांचा हप्ता ८,७०४ रुपये, म्हणजे महिन्याला दोन हजारांनी हलका. तो शेवटपर्यंत भरत राहिलात तर एकूण पावणेसोळा लाखांच्या आसपास जातात, जे परवडणारं नाही. पण तीन वर्षांनी पगार वाढल्यावर दरमहा १३ हजार भरायला लागलात, तर कर्ज सगळं मिळून नऊ वर्षं चार महिन्यांत मिटतं आणि एकूण भरणा तेरा लाखांच्या आत राहतो. दहा वर्षांच्या मुदतीतही १२ लाख ८४ हजार जातातच. फरक किरकोळ, पण पहिली तीन वर्षं श्वास घेता येतो. अर्थात, वाढीव पगार आला की आधी मोटारसायकल घेणाऱ्यानं हा मार्ग धरू नये.

आणखी एक वाट आईवडिलांच्या हातात आहे. शिकत असतानाचं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज दरमहा भरत गेलं (पहिल्या वर्षी १,२५०, चौथ्या वर्षापासून ५,०००) तर मुलावर सहा लाखच राहतात आणि दहा वर्षांचा हप्ता ७,९२९ वर येतो. काही बँका अशांना व्याजदरातही सूट देतात. शाखेत विचारून घ्या. कलम ८०ई खाली व्याजावर मिळणाऱ्या करसवलतीचं एजंट फार कौतुक करतात. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे, आणि तीन लाख पॅकेजवाल्याला मुळात करच बसत नाही.

कर्जच कमी काढता आलं तर उत्तम. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीय प्रवेशाच्या (कॅप) फेरीतून आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलं तरी एकूण वर्षं सहाच लागतात, आणि डिग्रीची एका वर्षाची फी वाचते. शासकीय तंत्रनिकेतनाची फी काही हजारांतली असते. ही वाट अजून ‘कमी मार्कांची’ समजली जाते, याचं मला नवल वाटतं.

राहिला कॉलेजच्या माहितीपत्रकातला ‘सर्वोच्च पॅकेज’वाला फोटो. तो बाजूला ठेवा आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर एनआयआरएफला (केंद्राच्या संस्था-क्रमवारीला) दिलेली माहिती शोधा. प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना, किती उच्च शिक्षणाला गेले आणि मध्यक पगार किती, हे रकाने त्यात असतात. मध्यक म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. पण हे आकडे चार वर्षांच्या पदवीच्या सगळ्या शाखांचे एकत्र असतात. कॉम्प्युटरच्या जोरावर मेकचं चित्र उजळ दिसू शकतं. तेव्हा मेकच्या विभागप्रमुखांना भेटून मागच्या दोन वर्षांची शाखेची यादी मागा. कंपनीच्या नावापुढे हुद्दा काय लिहिलाय ते बघा. ‘अप्रेंटिस’ असेल तर ते विद्यावेतन, तेही ठरावीक काळापुरतं. मेकची मुलं सॉफ्टवेअर कंपनीत गेलेली असतील तर तीही वेगळी मोजा. यादी द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसऱ्या पसंतीचं कॉलेज बघायला लागा.

पुढच्या आठवड्यात : एम.एस.साठी परदेशी जाणाऱ्यांचं तारणासहचं कर्ज आणि रुपयाची घसरण.