विश्लेषण : करप्याची बुरशी प्रतिकारक धानाला कशी चकवते?

मौदा तालुका म्हणजे नागपूर जिल्ह्यातील धानाचा पट्टा. करपा इथे नवा नाही. आधी पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी ठिपके दिसतात. पुढे लोंबीची मान काळी पडते आणि दाणे पोचट राहतात. प्रतिकारक वाण लावले तरी काही हंगामांनी करपा परततो. असे का होते?

वाणाचा प्रतिकार का संपतो?
प्रतिकारक वाण बुरशीचे एक ठरावीक प्रथिन ओळखते आणि बचाव सुरू करते. त्या प्रथिनाचे जनुक बदलले किंवा गळून गेले, की झाडाला शत्रूची ओळखच पटत नाही.

जनुकाच्या आतही अदलाबदल होते?
होय, आणि ते बुरशीनेच दाखवले. पूर्वी जनुक म्हणजे माळेतला न तुटणारा मणी, अशी समजूत होती. अमेरिकेत मेरी मिचेल यांनी १९५५ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीच्या दोन वाणांचा संकर केला. दोन्हींच्या एकाच जनुकात, पण वेगवेगळ्या जागी दोष होता. काही बीजाणू निर्दोष निघाले. देवाणघेवाण बरोबरीची असती, तर त्याच थैलीत दोन्ही दोष असलेले बीजाणूही सापडायला हवे होते. ते नव्हते. म्हणजे एका गुणसूत्राने दुसऱ्याचा तुकडा नकलून घेतला होता, बदल्यात काही दिले नव्हते. म्हणूनच थैलीतल्या ८ बीजाणूंत ४:४ ऐवजी कधी ६:२ असे प्रमाण दिसते.

ही नक्कल कुठेही होते का?
नाही. अनेक जनुकांत ती एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाते. यीस्टमध्ये डीएनए बहुधा जनुकाच्या सुरुवातीजवळ तुटतो आणि दुरुस्ती तिथूनच सुरू होते.

मग करप्याचे काय?
अशी अदलाबदल होण्यासाठी विरुद्ध प्रकारच्या दोन बुरशींचे मिलन लागते. बांधीत ते क्वचितच घडते, करपा पसरतो तो मिलनाशिवाय तयार झालेल्या बीजाणूंनी. त्यामुळे तिथे मुख्य धोका जनुकातील चुकांचा आणि जनुक गळण्याचा असतो. गुणसूत्राच्या टोकाजवळचे जनुक तर सहज गळते.

शेतकऱ्याने काय करावे?
सगळीकडे वर्षानुवर्षे एकच वाण असले, तर बदललेल्या एका बुरशीला सारे शिवार मोकळे मिळते. म्हणून वाण बदलत राहा, बीजप्रक्रिया करा, युरिया हप्त्यांनी द्या आणि रोगट तणस बांधीत ठेवू नका.