स्पोर्ट्‌स कार घरी बनेल, पण नंबर प्लेटचं काय?

रील सरकवताना तुम्हीही हे पाहिलं असेल. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी कार उभी आहे. तिचा वरचा पत्रा कापला जातो, पाइपांचा सांगाडा उभा राहतो, त्यावर फायबरची बॉडी चढते आणि शेवटी गेटातून बाहेर पडते थेट लॅम्बोर्गिनी! खाली कमेंट ठरलेली, 'भावा, खर्च किती आला?' प्रश्न बरोबरच आहे. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या गाडीला नंबर मिळाला का?

घरी स्पोर्ट्‌स कार जोडणं हा जगात जुना छंद आहे. ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये लोटस कंपनीची 'सेव्हन' ही छोटी, हलकी कार आली. ती सुट्या भागांच्या स्वरूपात, म्हणजे किट म्हणूनही मिळायची. तेव्हा तिथे तयार गाडीवर खरेदी कर होता, किटवर नव्हता. त्यामुळे अनेकांनी घरच्या गॅरेजमध्येच पाने-पक्कड हातात घेतली. दुसरं मोठं नाव म्हणजे कॅरोल शेल्बी यांची १९६२ ची 'कोब्रा'. मूळ गाड्या हजाराच्या आतच बनल्या, पण तिच्या प्रतिकृती आजही जगभर जोडल्या जातात.

अशा प्रतिकृतीचं गणित साधारण ठरलेलं असतं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि ब्रेक एखाद्या जुन्या गाडीतून काढायचे. चासी पाइपांची वेल्डिंग करून बनवायची. बॉडीसाठी आधी साचा, मग त्यात फायबरची मॅट आणि रेझिनचे थर. आपल्याकडे गोव्यात सॅन मोटर्सनं बनवलेली 'स्टॉर्म' ही दोन सीटची कारही फायबर बॉडीचीच होती. पण ती कंपनीनं बनवलेली होती, घरच्या शेडमध्ये नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता तुम्ही म्हणाल, बीडमध्ये हे जमणार कसं? खरं सांगायचं तर हाताची कला आपल्याकडे कमी नाही. ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की ट्रॉल्या आणि बैलगाड्या दुरुस्त करणाऱ्या वेल्डिंगच्या दुकानांत बघा. नकाशा नाही, कॉम्प्युटर नाही, पण टनावारी ऊस ओढणारी ट्रॉली उभी राहते. आयटीआयमधून मोटर मेकॅनिक आणि वेल्डर होऊन पोरं बाहेर पडतात. अडचण कलेची नाही, कागदाची आहे.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचं उदाहरण घ्या. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांपासून छोटी चारचाकी बनवली. खर्च साधारण ६० हजार रुपये आणि चालू करायची बाइकसारखी किक मारून! २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रा यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी जुगाडाचं कौतुक केलं, पण सोबत स्पष्ट सांगितलं की ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या ती थांबवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. गोष्ट गोड झाली, पण तिच्यातला नियमांचा भाग आपण शेअर करताना विसरतो. प्रत्येकाच्या दारात बोलेरो येत नाही.

नवी गाडी पासिंगला नेली की आरटीओ विक्रीचा दाखला मागतं, म्हणजे फॉर्म २१. सोबत लागतो फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं उत्पादकाचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र देण्याआधी कंपनीला गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. घरी एकच गाडी बनवणाऱ्याकडे यातलं काय असणार? मग 'एमएच २३' ची प्लेट येणार कुठून?

'मग जुन्या गाडीचंच आरसी वापरू,' असा सल्ला हमखास मिळतो. इथेच खरा फटका बसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी आणि आरसीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विम्याचा दावा अडकण्याची भीती वेगळीच.

नियम उगाच नाहीत, हेही मान्य करू. बंद कारचं छत आणि त्याचे खांब दिसायला साधे, पण गाडी उलटली तर जीव तेच वाचवतात. ते कापून वर फायबर चढवलं, तर गाडी देखणी होईल, पण आतला माणूस उघडा पडेल.

तरीही एक प्रश्न उरतो. ब्रिटनमध्ये घरी बनवलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, सीट बेल्ट, सगळं बघतात. पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे घरच्या बिल्डरला परवडेल अशी सोपी वाट का असू नये? हे मागायला हरकत नाही.

तोवर काय करायचं? इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजची टीम बांधा आणि 'बाहा एसएई इंडिया' किंवा 'फॉर्म्युला भारत'मध्ये उतरा. तिथे विद्यार्थीच अख्खी गाडी बनवतात, आणि ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक झाली नाहीत तर पुढे जाऊच देत नाहीत. आयटीआयवाल्यांनो, अशा टीमला चांगला वेल्डर लागतोच! आणि घरी बनवायचीच असेल, तर ती रस्त्यासाठी नाही हे आधी घरच्यांना सांगा. स्वतःच्या शेतात, हेल्मेट घालून चालवा.

बाबांनी उसनवारी करून दिलेले पैसे फायबरमध्ये घालण्याआधी एकदा आरटीओची पायरी चढा. रीलमधली गाडी शेवटी गेटातून बाहेर पडते. ती पुढच्या चौकात पोचली का, ते कुणीच दाखवत नाही.