खेळाचा मालक कोण?

कबड्डीचा मालक कोण, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. क्रिकेटचेही तसेच. 2007 साली इंडियन क्रिकेट लीग निघाली तेव्हा नियामक मंडळाने तिच्यात गेलेल्या खेळाडूंना आपली दारे बंद केली. परंतु तुम्ही क्रिकेट खेळूच नका, असे काही मंडळाला म्हणता आले नाही. संगणकावरील खेळाची गोष्ट निराळी आहे. तेथे मैदान, चेंडू आणि नियम हे सारेच एका कंपनीने घडविलेले असते, आणि कायद्याने ते तिचेच राहते. मग अशा खेळाचे सामने भरविण्याचा, ते दाखविण्याचा आणि त्यावर पैसा मिळविण्याचा हक्क कोणाचा? या प्रश्नावर दक्षिण कोरियात चार वर्षे भांडण चालले. ते मला सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीने 1998 साली ‘स्टारक्राफ्ट’ नावाचा युद्धाचा खेळ काढला. कोरिया तेव्हा मोठ्या आर्थिक संकटातून जात होता. तासावर संगणक भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली होती. त्यांना तेथे पीसी बांग म्हणतात. त्या दुकानांतून हा खेळ पसरला. 2000 साली ऑनगेमनेट ही केवळ खेळांची वाहिनी सुरू झाली, पाठोपाठ एमबीसीगेम आली, आणि त्याच सुमारास सरकारच्या मान्यतेने कोरिया ई-स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. टेलिफोन कंपन्यांनी संघ पाळले. पुढे हवाई दलानेही स्वतःचा संघ काढला! 2004 साली बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावरील अंतिम सामन्याला एक लाख लोक जमले, असे सांगितले जाते. या साऱ्या काळात कंपनीने फारशी तक्रार केली नाही. फुकट जाहिरात कोणाला नको असते?

ठिणगी पडली ती 2007 साली. असोसिएशनने आपल्या संघांच्या साखळी स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क एका मध्यस्थ कंपनीला विकले. वाहिन्या चिडल्या, ज्या स्पर्धा आपण वाढविल्या त्यांचेच पैसे आपण का भरावे, हा त्यांचा सवाल होता. पण या व्यवहाराकडे ब्लिझर्डचेही लक्ष गेले. भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला की घरमालक जागा होतो, तसेच हे झाले. तुम्ही विकता आहात ते मुळात कोणाचे आहे, असे कंपनीने विचारले.

असोसिएशनचे म्हणणे असे की, ई-स्पोर्ट्स हा आता खेळ आहे, सार्वजनिक वस्तू आहे. तो आम्ही, आमच्या संघांनी आणि प्रेक्षकांनी वाढविला. कंपनीचे म्हणणे असे की, ही आमची बौद्धिक संपत्ती आहे, परवाना घ्या. दोन्ही बाजूंत तथ्य होते. परंतु असोसिएशन ही खेळाडूंची संघटना नव्हती, हे कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येते. तिचे सभासद संघांच्या मालक कंपन्या होत्या. सार्वजनिक हिताची भाषा तेथे एक मालक दुसऱ्या मालकाशी बोलत होता.

2010 च्या एप्रिलमध्ये वाटाघाटी मोडल्या. कंपनी हिशेब तपासण्याचा हक्क आणि चित्रित सामन्यांची मालकीही मागते, अशी असोसिएशनची तक्रार होती. मे महिन्यात ब्लिझर्डने कोरियातील हक्क ग्रेटेक या प्रतिस्पर्धी आयोजकाला देऊन टाकले. जुलैत ‘स्टारक्राफ्ट 2’ बाजारात आला. येथे एक तांत्रिक बारकावा सांगितलाच पाहिजे. जुना खेळ दोन संगणक तारेने जोडून कोणालाही खेळता येई, मालकाला कळायचेही नाही. नव्या खेळात ती सोय ठेवलीच नव्हती. प्रत्येक सामना कंपनीच्या सर्व्हरवरून जावा लागे. म्हणजे गिरणीची मुख्य कळ मालकाच्या खोलीत गेली. त्यानंतर कोर्टाच्या निकालाची त्याला तितकीशी गरज उरली नाही.

दावे मात्र दाखल झाले. 2011 च्या मे महिन्यात तडजोड झाली: वाहिन्यांना आणि असोसिएशनला जुन्या खेळाचा दोन वर्षांचा परवाना मिळाला, आणि दावे मागे घेतले गेले. खेळाचा खरा मालक कोण, याचा निवाडा त्या दाव्यांत झालाच नाही. 2012 च्या आरंभी एमबीसीगेम बंद होऊन तेथे संगीताची वाहिनी आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चारही पक्षांनी नव्या खेळासाठी हातमिळवणी जाहीर केली. तरी ऑगस्टमध्ये असोसिएशनने आपले खेळाडू ग्रेटेकच्या स्पर्धेत पाठविण्यास नकार दिला, तेव्हा दुसऱ्या गटाच्या संघांनी ऑनगेमनेटच्या स्पर्धेवर बहिष्काराची धमकी दिली. आयोजकांच्या चुरशीत खेळाडू हा असा ओढला जातो. त्याचे खेळण्याचे वय थोडे. एक हंगाम बुडाला तर तो भरून निघत नाही.

असोसिएशनची साखळी स्पर्धा 2016 साली संपली. ‘लीग ऑफ लीजेंड्स’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळाची कोरियातील स्पर्धा ऑनगेमनेटने 2012 पासून वाढविली होती. 2019 पासून तिचे प्रक्षेपण खेळाच्या मालक कंपनीने, रायट गेम्सने, स्वतःकडे घेतले. या वेळी भांडण लांबले नाही.

खेळाडूंच्या करारांकडे लोकांचे लक्ष गेले ते त्याच 2019 साली, एका अल्पवयीन खेळाडूच्या अन्यायकारक कराराचे प्रकरण गाजले तेव्हा. 2020 साली कोरियाच्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि खेळाडूंसाठी सरकारने नमुना करारनामा तयार करावा, अशी तरतूद केली.