मनीचं डाएट, घरच्यांची परीक्षा

गोलूमोलू, गुबगुबीत, लठ्ठोबा... लाडाची ही सगळी नावं मांजराच्या तब्येतीला मात्र महागात पडतात. तुमचा बोका सोफ्यावर उडी मारण्याआधी दोनदा विचार करत असेल, तर हे वाचाच. आणि हो, त्याला उपाशी ठेवायचा विचार आधी डोक्यातून काढून टाका!

सोमवारचा तिटकारा, व्यायामाचा कंटाळा आणि लझान्या दिसला की संयम खलास! जिम डेव्हिस यांचा गारफील्ड १९७८ पासून असाच मजेत जगतोय. तो आपल्याला आवडतो, कारण तो आपल्यातलाच वाटतो. फरक एवढाच, की कार्टूनमधल्या बोक्याला डायबेटिस होत नाही. तुमच्या घरी अर्धा सोफा अडवून पसरलेल्या बोक्याला होऊ शकतो.

फ्लॅटमधल्या मांजराचं आयुष्य तसं आपल्यासारखंच. चार भिंती, एसी, मऊ गादी आणि हाकेच्या अंतरावर खाणं. उंदरामागे धावायची गरज नाही, गच्चीवर मारामाऱ्या नाहीत. मग वजन वाढतं. रोज थोडं थोडं वाढतं, म्हणून लक्षातही येत नाही. लक्षात येतं ते एखादा पाहुणा 'बापरे, केवढा झालाय हा!' म्हणतो तेव्हा. आणि तेव्हाही आपण कौतुकानंच हसतो.

क्यूट? छे, धोक्याची घंटा!

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सचा हिमी नावाचा बोका तब्बल २१.३ किलोचा होता. १९८६ साली तो गेला तेव्हा त्याचं वय होतं अवघं दहा वर्षं. घरात नीट सांभाळलेलं मांजर सहज चौदा-पंधरा वर्षं जगतं. पुढे गिनेस बुकानं 'सर्वांत वजनदार मांजर' हा विक्रमच बंद करून टाकला. विक्रमाच्या नादात कुणी मांजराला कोंबून खायला घालू नये, म्हणून!

२०१२ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फेच्या शेल्टरमध्ये 'म्याऊ' नावाचा बोका दाखल झाला. वजन सुमारे १८ किलो, वय फक्त दोन वर्षं. तो टीव्हीवर झळकला, त्याचं डाएटही सुरू झालं. पण उशीर झाला होता. मे महिन्यात त्याच्या फुफ्फुसांनी साथ सोडली.

आपला बोका काही १८ किलोचा नाही, असं म्हणून निर्धास्त होऊ नका. चार किलोच्या मांजराचं वजन एकच किलो वाढलं, तरी ती २५ टक्के वाढ झाली. साठ किलोच्या माणसावर हे पंधरा किलो! म्हणजे पाठीला लॅपटॉपच्या चार-पाच बॅगा लावून दिवसभर वावरायचं. ओझं सांध्यांवर येतं, मांजर उडी मारायचं टाळतं. मान वळून पाठीपर्यंत जीभ पोहोचत नाही, म्हणून शेपटीजवळच्या केसांत गाठी होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डायबेटिसचा धोका वाढतो. तो झाला की बहुतेकदा दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी इन्शुलिनचं इंजेक्शन. सकाळी आठची कंपनीची बस पकडणाऱ्या आणि रात्री नऊला परतणाऱ्या माणसाला हे कितपत जमेल, विचार करा.

हात फिरवा, वरून बघा

मांजर जाड आहे की नुसतंच केसाळ, हे ओळखायला तीन सोप्या खुणा आहेत.

एक, बरगड्या. दोन्ही कुशींवरून हलकेच बोटं फिरवा. उपडा तळहात धरून त्यावरून बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर उत्तम. दाबून शोधाव्या लागल्या तर वजन जास्त. दोन, कंबर. मांजर उभं असताना वरून बघा. बरगड्यांच्या मागे थोडी बारीक कंबर दिसायला हवी. तिथं सरळ रेघ किंवा फुगवटा असेल तर गडबड आहे. तीन, पोट. बाजूनं बघितल्यावर ते मागच्या पायांकडे थोडं वर गेलेलं दिसायला हवं.

एक मात्र लक्षात ठेवा. बऱ्याच मांजरांच्या पोटाखाली कातडीची सैल झोळी असते आणि चालताना ती झुलते. ती निसर्गानंच दिलेली, सडपातळ मांजरालाही असते. तिच्यावरून जाडी ठरवू नका.

प्राण्यांचे डॉक्टर हीच तपासणी ९ गुणांच्या मोजपट्टीवर करतात. ५ म्हणजे झकास. त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जादा वजन.

डोळे मिटलेत कुणी?

मांजर डोळे मिटून दूध पितं, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे मात्र डोळे मिटून बसलोय आपण. कपाटातलं पाकीट मनी काढत नाही, वाटी मनी भरत नाही. ते काम आपलं.

सकाळी निघायची घाई, म्हणून वाटी काठोकाठ भरून ठेवायची. संध्याकाळी उशीर झाला, बिचारी दिवसभर एकटी होती, म्हणून थोडा खाऊ. रूममेट रात्री दोनला शिफ्टवरून येतो, तोही मूठभर टाकतो. आजी घरी असतील तर विचारायलाच नको! 'लेकरू केव्हाचं ओरडतंय' म्हणत दुधाची बशी पुढे येते. प्रत्येकाला वाटतं, आपण जरासंच दिलं. त्या 'जरासं'ची बेरीज कुणीच करत नाही. खरं तर आपण वेळ देऊ शकलो नाही, याची भरपाई त्या वाटीतून करत असतो.

त्यात आणखी एक गोष्ट. नसबंदीच्या ऑपरेशननंतर मांजराची भूक वाढते आणि शरीराची गरज मात्र साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी होते. म्हणून ऑपरेशन टाळायचं नाही, ते हवंच. वाटी मात्र त्या दिवसापासून लहान व्हायला हवी.

संकष्टी मांजराला चालत नाही!

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'उद्यापासून खाणं अर्धं' किंवा 'एक दिवस उपास घडू दे' हे माणसाचे प्रयोग मांजरावर करायचे नाहीत. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याविना राहिलं, तर शरीरातली चरबी वेगानं यकृताकडे धाव घेते. मांजराच्या यकृताला तो लोंढा पेलत नाही आणि त्यातच चरबी साचत जाते. डोळे, हिरड्या पिवळ्या पडतात. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर मांजर दगावतं. म्हणजे ज्याला वाचवायला डाएट सुरू केलं, त्याचाच जीव धोक्यात!

म्हणून नियम साधा. जाड मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना फोन. आणि डाएट सुरू करण्याआधीही त्यांची एक भेट हवीच. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल असो की पुण्यात तुमच्या सोसायटीसमोरचं क्लिनिक, वजन आणि रक्ताची तपासणी करून घ्या. पोट फुगलंय ते चरबीनंच की दुसऱ्या कशानं, हेही तिथेच कळेल.

चला, हिशेब मांडू

समजा, तुमचा बोका सहा किलोचा आहे आणि डॉक्टर म्हणाले, साडेचार हवा. साडेचार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण २१५ किलोकॅलरी लागतात. वजन उतरवायचं तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १७० ते १७५ किलोकॅलरीपासून सुरुवात करतात. तुमच्या मांजराचा नेमका आकडा डॉक्टर ठरवतील, पण अंदाज आला ना?

आता वाटीकडे वळू. १०० ग्रॅम ड्राय फूडमध्ये साधारण ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. म्हणजे खाऊसाठी थोडी जागा ठेवली, तर बोक्याचा दिवसभराचा कोटा भरतो जेमतेम ४० ग्रॅम! हे कपानं किंवा मुठीनं मोजायचं काम नाही. किचनमधला डिजिटल काटा काढा. पाच-सात दाणे इकडे तिकडे, म्हणता म्हणता फरक पडतो.

आणि ती दुधाची बशी? फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट. अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये जवळपास ८५ ते ९० किलोकॅलरी. नुसतं ५० मिलिलिटर दूध दिलं, तरी बोक्याच्या कोट्याचा चौथा हिस्सा संपला. आपल्या हिशेबात म्हणजे जेवणाव्यतिरिक्त जवळजवळ दोन वडापाव! शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. दूध बंद, पाणी भरपूर.

खाऊ पूर्ण बंद करायची गरज नाही. दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवा. उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चालेल. मीठ, मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजराच्या रक्तपेशींना तो घातक असतो. आइस्क्रीमही नको. गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही, हे २००५ मध्ये संशोधकांनी जनुकांवरून दाखवून दिलंय. तुमच्या कपाकडे त्याचं लक्ष असतं ते बहुधा फॅटसाठी!

दूध-पोळी नको, मग काय?

मांजर पक्कं मांसाहारी. आपल्या घरात कांदा-लसूणही चालत नसेल, तरी मनीला दूध-पोळीवर ठेवता येत नाही. तिला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं आणि ते मिळतं मांस-मासळीत. १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवलं, की टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय कमकुवत होतं. त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमध्ये ते वाढवलं. नुसतं उकडलेलं चिकन रोज घातलं तरी कॅल्शियम आणि इतर गोष्टी कमी पडतात.

म्हणून सरळ मार्ग असा. नेहमीचं ड्राय फूड फारच कमी करावं लागत असेल, तर त्याबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. अशा वेळी डॉक्टर वजन कमी करण्यासाठीचं खास कॅट फूड सुचवतात. त्यात कॅलरी कमी आणि प्रथिनं भरपूर. पाऊचमधल्या ओल्या खाण्याचाही फायदा होतो. त्यात ७५ ते ८० टक्के पाणी, १०० ग्रॅमला साधारण ७० ते १०० किलोकॅलरी. तेवढ्याच कॅलरीत वाटी भरलेली दिसते आणि पोटही भरतं.

बदल मात्र हळूहळू. सात-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जा. 'भूक लागली की खाईल झक मारत' हे कुत्र्याच्या बाबतीत एक वेळ चालेल, मांजराच्या बाबतीत नाही. ते खरंच खाणार नाही!

पहाटे पाचचा म्याऊ

डाएटच्या पहिल्या आठवड्यात कस लागतो तो तुमचा. पहाटे पाचला छातीवर उभं राहून बोका अशी हाक मारेल, की तुम्ही डोळे न उघडता डबा उघडाल. तिथंच चुकतं. एकदा हाकेला खाणं मिळालं की रोज पाचचा गजर पक्का. झोपण्याआधी शेवटचा घास द्या आणि सकाळी उठल्या उठल्या वाटी भरू नका. आधी तुमचा चहा, आंघोळ, मग त्याचा नाश्ता. दिवसभर बाहेर असाल तर टायमरवाला फीडर कामाला येतो.

मांजर मुळात थोडं थोडं, बऱ्याच वेळा खाणारं. एका उंदरात साधारण ३० किलोकॅलरी असतात, म्हणजे निसर्गात त्याची दिवसभरात सात-आठ शिकारी आणि तेवढीच जेवणं. तेव्हा तेवढाच कोटा चार-पाच वेळांत वाटा. काही दाणे पुठ्ठ्याच्या खोक्यात, काही खिडकीच्या कट्ट्यावर, काही भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत लपवा. शोधू दे की त्याला! आणि ऑफिसातून आल्यावर दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळा. म्याऊ म्हणजे दर वेळी भूक नसते. बऱ्याचदा त्याला तुम्हीच हवे असता.

फ्रिजवर चिकटवा

• सकाळी दिवसभराचा कोटा मोजून एका डब्यात काढा. कुणीही दिलं तरी त्यातूनच द्यायचं. डबा संपला, दिवस संपला.
• घरातल्या सगळ्यांना सांगा. आजीला, रूममेटला, कामवाल्या मावशींना आणि बोका बाहेर जात असेल तर शेजारच्या काकूंनाही.
• दोन मांजरं असतील तर वाट्या वेगळ्या खोलीत, दार लावून.
• दर दोन आठवड्यांनी वजन. बाथरूमच्या काट्यावर ५०-६० ग्रॅम कळत नाहीत. बाळांचा काटा किंवा दवाखाना गाठा.
• आठवड्याला वजनाच्या अर्धा ते २ टक्के एवढीच घट. सहा किलोच्या बोक्याला ३० ते १२० ग्रॅम. त्याहून वेगानं उतरलं तर डॉक्टरांना सांगा.

म्हणजे आठवड्याला एक टक्क्याच्या हिशेबानं सहाचे साडेचार व्हायला साधारण सात महिने लागतील. फोटोत दाखवण्यासारखं पहिले दोन महिने काहीच दिसणार नाही. मग एक दिवस तुम्ही लॅपटॉप उघडून बसाल आणि कित्येक महिने जमिनीवरून नुसतं बघत बसणारा बोका टुणकन उडी मारून थेट की-बोर्डवर येऊन बसेल. त्या दिवशी बॉसला जाणारा मेल थोडा उशिरा गेला, तरी चालेल!