जॉब तिरका, प्रोग्रॅम सरळ

कोल्हापूरच्या फौंड्रीत साच्यात ओतलेले बीड थंड होताना आक्रसते, साधारण एक टक्का. म्हणून ३०० मिलिमीटरचा ओतीव भाग हवा असेल, तर वाळूत ठसा उमटवणारा पॅटर्न सुमारे ३०३ मिलिमीटरचा करावा लागतो. ॲल्युमिनियम याहून थोडे जास्त आक्रसते, पोलाद जवळपास दोन टक्के. पॅटर्न घडवणारे कारागीर यासाठी एक खास पट्टी वापरत आले आहेत. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब असतो, आणि धातू बदलला की पट्टीही बदलते. ड्रॉइंगवरचे माप वाचायचे आणि त्या पट्टीने आखायचे, गुणाकार करायची गरजच नाही.

सीएनसी मशिनवर हेच काम एका ओळीत होते. फॅनूक पद्धतीच्या कंट्रोलमध्ये ‘जी ५१’ हा आदेश देऊन एक स्थिर बिंदू आणि एक गुणक सांगायचा. गुणक १.०१ असेल, तर पुढचा प्रत्येक बिंदू त्या स्थिर बिंदूपासून १.०१ पट अंतरावर जातो. ‘जी ५०’ दिला की सारे पूर्ववत. मूळ प्रोग्रॅममधला एकही आकडा बदलावा लागत नाही.

स्थिर बिंदू कुठे ठेवला, यावर मात्र बरेच अवलंबून असते. तो शून्यावर असेल तर एक्स अक्षावरचा ४० हा बिंदू ४०.४ वर जातो. तोच १०० वर धरला, तर ४० चा होतो ३९.४. दोन्ही वेळा आकार तेवढाच मोठा झाला, पण टेबलावरची त्याची जागा पूर्ण एक मिलिमीटरने सरकली! शिवाय गुणक फक्त मार्गाला लागतो. कटरच्या त्रिज्येसाठी दिलेल्या ऑफसेटला लागत नाही. ते योग्यच आहे, कारण प्रोग्रॅम मोठा केल्याने हातातला कटर जाड होत नाही. एकाच अक्षाचा गुणक उणे घेतला तर आकृती आरशातल्यासारखी उलटते आणि डाव्या भागाच्या प्रोग्रॅमवर उजवा भाग निघतो. मात्र अशा वेळी कटरची धार धातूत शिरण्याची दिशाही उलटते आणि पृष्ठभागाचे फिनिश बिघडू शकते.

फिरवण्याचे गणित यापेक्षा देखणे आहे. समजा, एका गोल फ्लँजवर १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा खाचा कापायच्या आहेत. सहाही खाचांचे बिंदू काढत बसण्याऐवजी एकच खाच लिहायची आणि ‘जी ६८’ आदेशाने दर वेळी अक्ष ६० अंशांनी फिरवायचे. कंट्रोल आतल्या आत जे करतो, ते शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडचे नाही: जुना एक्स गुणिले कोसाइन, वजा जुना वाय गुणिले साइन, की नवा एक्स तयार. ५०, ० हा बिंदू ६० अंशांत फिरला की २५, ४३.३०१ वर येतो.

पण या आदेशाचा खरा कस लागतो तो मोठा जॉब टेबलावर चढवताना. क्रेनने ठेवलेले जड ओतीव काम अक्षाला तंतोतंत समांतर कधीच बसत नाही. अर्ध्या अंशाचा तिरकेपणा ५०० मिलिमीटर लांबीवर ४.३६ मिलिमीटरची चूक देतो. डायल लावायचा, हातोडीने हलकेच ठोकायचे, पुन्हा डायल बघायचा, असा हा सेटिंगचा खेळ लांबत जातो. त्याऐवजी स्पिंडलमध्ये प्रोब लावून एकाच कडेवर ३०० मिलिमीटर अंतराने दोन जागी स्पर्श करावा. फरक ०.३ मिलिमीटर आला, तर कोन निघाला सुमारे ०.०५७ अंश. जॉब आहे तसाच राहू द्यायचा आणि अक्ष तेवढे फिरवायचे. असा स्पर्शाने चालणारा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ मध्ये काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनासाठी तयार केला होता. त्यातूनच पुढे रेनिशॉ ही कंपनी उभी राहिली.

आकड्यांनी मशिन चालवण्याची कल्पनाही हवेतल्याच यंत्रातून आली. अमेरिकेत जॉन पार्सन्स आणि फ्रँक स्टुलेन हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या आकाराचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर मोजून घेत आणि त्या आकड्यांबरहुकूम कारागीर हँडल फिरवत. १९५२ मध्ये एमआयटीने आकड्यांवर आपोआप चालणारे मिलिंग मशिन दाखवले.

आज बटण दाबणाऱ्याला साइन-कोसाइन मांडावे लागत नाहीत, पण ते समजावे मात्र लागतात. १०, ० हा बिंदू आधी एक्स दिशेने १० सरकवून मग शून्याभोवती ९० अंश फिरवला, तर तो ०, २० वर पोहोचतो. आधी फिरवून मग सरकवला तर १०, १० वर. क्रम चुकला की भोक भलत्याच जागी पडते. आणि काम झाल्यावर फिरवणे रद्द करणारा ‘जी ६९’ द्यायचा राहिला, तर पुढची हालचालही फिरलेल्या अक्षांवर होते आणि टूल थेट क्लॅम्पवर आदळू शकते.

आयटीआयच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती. कोडची यादी पाठ करून घेण्याआधी मुलांना आलेखाचा कागद द्या, एक त्रिकोण काढून तो हाताने फिरवायला आणि मोठा करायला लावा, मगच मशिनपाशी न्या.